दहा-अकराचा पाना

यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. मावशीने सांगितलं तसं सांगतोय. शेवटचा भाग तर मी स्वतः तिथे बसून पाहिलाय.

अशा गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. मोटारसायकलच्या गॅरेजमधली. शटर पूर्ण वर, समोर रस्त्यावर माणसांची वर्दळ.

म्हणूनच मला तिची जास्त भीती वाटते.

गॅरेज काकांचं आणि मावशीचं. काका इंजिन बघायचे, मावशी वायरिंग. दिवसभर दोघांची भांडणं आणि दिवसभर गाणं. गाणं म्हणजे एकच कॅसेट. कुठल्याशा बँडमधला कोणीतरी क्लॅरिनेट वाजवतोय. शब्द नाहीत, नुसते सूर. काका म्हणायचे, "शब्द आले की हातातलं काम सुटतं. हा बाबा काम करू देतो."

टेप चालायचा गाड्यांच्या बॅटरीवर. स्टँडवर जी गाडी असेल तिच्या बॅटरीला दोन चिमटे लावायचे. गाणं खणखणीत वाजलं तर बॅटरी ठीक. सूर रेंगाळायला लागले, रेडा रेकल्यासारखे झाले, की बॅटरी गेली. वेगळं तपासायची गरजच नाही.

त्या धुनेत एका जागी वाजवणारा श्वास घ्यायला थांबतो. त्या रिकाम्या जागेत काका हातातला पाना स्टँडवर आपटायचे.

ठक… ठक.

मावशीला एखादा नट सुटेना, ती दातओठ खाऊन जोर लावायला लागली, की तेव्हाही तेच दोन ठोके. म्हणजे, "सोड, मी करतो." मावशी भडकायची. "का? माझे हात काय मोडलेत?" म्हणायची आणि मुद्दाम सोडायची नाही.

पाना दहा-अकराचा. त्याचं एक तोंड काकांनी तापवून वाकवलं होतं, अडचणीत हात जावा म्हणून. तो दिवसभर त्यांच्या मागच्या खिशात, रात्री तेवढा जागेवर.

एका संध्याकाळी काका दुरुस्त केलेली गाडी चालवून बघायला गेले. मागून कोणीतरी धडक दिली आणि पळून गेलं. काका बराच वेळ रस्त्याच्या कडेला पडून होते. डॉक्टर म्हणाले, "लगेच आणलं असतं तर…" मावशीने त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

त्यांचं घड्याळ मिळालं. पाकीट मिळालं. पाना मात्र मिळाला नाही.

गॅरेजच्या भिंतीवर एक फळी आहे. सगळी हत्यारं तिच्यावर टांगलेली असतात, आणि प्रत्येकाच्या मागे त्याचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला. काय जागेवर नाही ते लांबून कळतं. त्या दिवसापासून एक आकार रिकामा राहिला.

मावशीने गॅरेज बंद केलं नाही. कॅसेटही नाही. फक्त श्वासाची ती जागा मुकी जायची. एकदा मी सहज ठोकायला गेलो, तर तिने माझं मनगट घट्ट धरलं. "नको. ती जागा त्यांची आहे."

तिला एकच हवं होतं. त्या माणसाचं नाव. "एकदा नाव कळू दे," म्हणायची, "मग मी आहे आणि तो आहे."

आमच्या गल्लीचा केबलवाला म्हणजे घरातलाच माणूस. काका गेले तेव्हा सगळ्यात मोठ्याने हाच रडला होता. नंतर गॅरेजकडे फिरकला नाही. "आत आलं की पोटात तुटतं, वहिनी," म्हणायचा. आम्हाला ते खरंच वाटायचं.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी तो गाडी घेऊन दारात आला. डोळे लाल. दाढी वाढलेली.

"वहिनी, तुमच्यासारखा कान कोणाचा नाही. गाडीच्या खालून काहीतरी वाजतंय."

"कसं वाजतंय?"



"दोनदा वाजतं. मग थांबतं. मग परत दोनदा. सगळे मेकॅनिक पालथे घातले, वहिनी. इंजिनखालचा पत्रासुद्धा खोलून बघितला, आत काही नाही. बॅटरी कोरी टाकली. वेड लागायची पाळी आलीय."

"ठेव गाडी. संध्याकाळी ये."

तो गेला. मावशीने सवयीने टेपचे चिमटे त्याच्या बॅटरीला लावले.

सूर रेंगाळायला लागले…

कोरी बॅटरी! तिने चिमटे काढून शेजारच्या जुन्या गाडीला लावले. गाणं खणखणीत. परत याच्या गाडीला लावले. परत रेडा.

धून रेंगाळत, रेंगाळत त्या श्वासाच्या जागी आली… आणि थांबली.

टेपची चाकं फिरत होती. आवाज नव्हता.

मावशीने रस्त्याकडे पाहिलं. माणसं चालत होती, बोलत होती. त्यांचाही आवाज येत नव्हता. एक बस गेली… मुकाट.

मग इंजिनच्या खालून…

ठक… ठक.

तिने पत्रा खोलला.

आत पाना होता. एक तोंड वाकवलेलं. वर्षभराचा चिखल नाही, गंज नाही. ताजं ग्रीस लागलेलं, आत्ताच कोणी हातातून खाली ठेवावा तसा.

मावशी फरशीवर बसली. मागून धडक. मागचा खिसा. आता सांगायचं काही उरलं नव्हतं.

"मेल्या," ती म्हणाली, "माझ्या घरात बसून रडलास."

पुढचं तिने मला जसंच्या तसं सांगितलंय, आणि मी ते लपवणार नाही. तिने तोच पाना उचलला आणि पुढच्या ब्रेकच्या नटाला लावला. थोडासा ढिला केला की बास. गल्लीच्या टोकाला उतार आहे. "खोटं कशाला बोलू? मला त्याला मारायचंच होतं."

नट हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. हलेना. असे नट तिने डोळे मिटून सोडवलेत.

आणि तिच्या पाठीमागे, रिकाम्या स्टँडवर…

ठक… ठक.

सोड, मी करतो.

उभ्या संसारात पहिल्यांदाच मावशीने त्यांचं ऐकलं. पाना काढला. पत्रा बसवला, एकूण एक नट घट्ट केला, संध्याकाळी गाडी त्याच्या ताब्यात दिली. "आता बघ," एवढंच म्हणाली. तो पाया पडायचाच बाकी होता.

दुसऱ्या दिवशी तो गाडी ढकलत आला. चेहरा राखेसारखा.

"वहिनी, वाढलंय. गाडी बंद असली तरी वाजतंय. उशीखाली वाजतंय. आणि लांबून कोणीतरी क्लॅरिनेट…"

"जे वाजत होतं ते मी काल काढलंय," मावशी म्हणाली. "ते बघ तिथे."

त्याने फळीकडे पाहिलं. रिकामा आकार भरला होता.

तो उंबऱ्यावरच बसला. "मी घाबरलो होतो, वहिनी. ते हलत होते. मला वाटलं, येईल कोणीतरी…"

"हलत होते?"

तो गाडी तिथेच टाकून उठला आणि पायीच पोलीस चौकीकडे गेला. सगळं कबूल केलं. त्याला तुरुंग झाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती ना?

काही महिन्यांनी त्याची बायको गॅरेजमध्ये आली. तेव्हा मी तिथेच होतो.

"तिथे तुरुंगात ना गाडी आहे, ना काही," ती रडत म्हणाली. "तरी भिंतीतून वाजतं म्हणतात. डोळ्याला डोळा नाही. शिक्षा भोगतायत ना ते? आता तरी थांबवा हो."

"मी लावलेलं नाही. मी कसं थांबवू?"

मावशीने हात लांब करून टेपचा आवाज वाढवला. ती बाई बिचारी उभी राहिली आणि गेली. मला फार वाईट वाटलं.

"मावशी, पुरे की आता."

तिने बोट ओठांवर ठेवलं. धून श्वासाच्या जागी आली. मी कान टवकारले.

काहीच नाही. मुकी जागा आली आणि गेली.

"बघितलंस? इथे नाहीत ते," मावशी हसून म्हणाली. तिचं ते हसू मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

माझी नजर फळीकडे गेली. दहा-अकराचा आकार रिकामा होता.

"मावशी… पाना कुठे गेला?"

"नेलाय त्यांनी. काम झालं की आणून ठेवतील."

केबलवाला शिक्षा भोगून केव्हाच बाहेर आलाय. कुठल्या गावी गेला, कोणाला माहीत नाही.

मी अजून मावशीकडे जातो. दारातून आत शिरताना आधी फळीकडे बघतो.

आकार रिकामाच आहे.