सटवाचा अ‍ॅम्प

माजलगावच्या बसस्टँडमागे माझं साउंड दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो आणि सटवा बेस गिटार. एका ताटात जेवणारी माणसं आम्ही. तीन वर्षांपूर्वी तो एकाएकी गेला. ऑर्केस्ट्रा पार्टीचा मालक राधाकिशन म्हणाला, "शहादेव, त्यो पुण्याच्या पार्टीत गेलाय. तुला सांगू नका म्हनला." ते मला लई लागलं. मी सटवाचं नाव टाकलं.

यंदा चैत्रात राधाकिशन एक जुना बेस अ‍ॅम्प घेऊन आला. नगरला सेकंडहँड मिळाला म्हणे.

"आवाज पोकळ येतोय. भरीव करून दे."

तो गेल्यावर भर दुपारी मी मागची फळी काढली. कालवा आटल्यावर येतो तसा गाळाचा वास आला. वरचा काळा रंग नवा होता, खाली निळा. आतल्या वायरी गिटारच्या तुटक्या तारेनं बांधलेल्या होत्या. तशी दुहेरी गाठ फक्त सटवा मारायचा; त्याचा अ‍ॅम्पही निळाच होता.

म्हटलं, अ‍ॅम्पसुद्धा विकून गेला गडी. रागारागानंच कामाला लागलो. फुगलेले कंडेन्सर बदलले, मोठा स्पीकर बसवला, पेटीला आतून जाड नमदा चिकटवला. सगळं जोडून बटण दाबलं. घरघर अजिबात नव्हती. गिटार अजून लावलेली नव्हती, तरी आवाज हळूहळू वाढवून पाहिला.

आतून पाणी वाहत होतं. संथ, खोल. मग कुणीतरी धाप टाकल्यासारखं... आणि अगदी स्पष्ट...

"राधाकिशन... हात दे..."

मी वायर उपटली. थोड्या वेळानं परत लावली. तेच पाणी, तीच धाप. आवाज सटवाचा होता.

राधाकिशनला बोलावून घेतलं. तो आला तसं मी बटण दाबलं. दुसऱ्या हाकेला तो खाली बसला.

"बंद कर बे..."

"सटवा कुठं हाय?"

तो हळू बोलायला लागला. "कालव्याच्या रस्त्यानं परत येत हुतो. टेम्पो मीच चालवीत हुतो. दारू पिलो हुतो. सटवा मागं अ‍ॅम्पवर बसलेला. खड्ड्यात गाडी आदळली आन अ‍ॅम्पसकट त्यो उडाला. अ‍ॅम्प रस्त्यावर पडला, त्यो पान्यात."

"मग?"

"थांबलो ना. उतरलो. त्यो हाका मारीत हुता..."

"आन तू काय केलंस?"

"अ‍ॅम्प उचलला. निघून आलो."

तीन वर्षं मी सटवाला शिव्या घातल्या. जो बुडाला त्याला. आणि ज्यानं बुडू दिलं त्याच्या घरी दर दिवाळीला फराळ केला.

"उद्या पोलिसांत जायचं," मी म्हणालो. त्यानं मान डोलावली.

पण आधी सटवाच्या आईला सांगणं भाग होतं. सकाळच्या पहिल्या गाडीनं शिरूर कासार गाठलं. बायडाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"ये बाबा," ती म्हणाली. "सटवा म्हनलाच हुता, तू येशील म्हनून."

"कधी... म्हनला?"

"आत्ता पहाटंच आलता. तीन वर्सांनी. तिथं खाटंवर बसला, भाकर खाल्ली. निस्ता गारठलेला."

शिरुरात पाण्याचा टँकर येऊन आठ दिवस झाले होते. गल्लीतले हंडे पालथे पडले होते. दारापासून खाटेपर्यंतची फरशी मात्र ओलीचिंब होती. बायडाबाईनं लुगड्याच्या फडक्यानं ती माझ्यादेखत पुसली. आम्ही बघत असतानाच खालून परत पाणी पाझरलं.

"सकाळधरनं पुसायलेय," ती म्हणाली. "वाळंनाच."

"मावशी, त्यो गेला कुठं?"

"राधाकिशनला आनाया."