पाणबुड्या हवालदार

आसावरीने स्कूटी कशीबशी रस्त्याकडेला लावली आणि बांधावरून धावत सुटली. समोरच्या विहिरीच्या काठावर कुशाबाई उभ्या होत्या. आसावरी शिकवायची त्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, साठीला आलेल्या कुशाबाई! लुगड्याचा काष्टा, पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधलेला, आणि शेजारचा एक उंच माणूस त्यांना शांतपणे सांगत होता, "मारा उडी."

"अहो, थांबा—"

धप्प. कुशाबाई गेल्या. आणि लगेच वर येऊन पाण्यावर तरंगत खुदकन हसल्या. "बाई, तुमी हितं कुठं?"

तो माणूस वळला. कुशाबाईंच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक त्याच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं.

"पोहता येतं तुमाला?"

"नाही."

"मग एवढ्या जोरात कशापायी पळत आलात? दोघींना काढायला मलाच उतरावं लागलं असतं."

तिला राग यायला हवा होता. तो आलाच नाही... कारण तो हसला, आणि हसताना त्याचे डोळे आधी हसले.

त्याचं नाव लखन. सतरा वर्षं फौजेत, इंजिनिअर्सच्या पलटणीत पाणबुड्या. कळस गावात सगळे त्याला मेजर म्हणत. "मी हवालदार," तो म्हणायचा, "बढती गावानं दिली."

दर रविवारी सकाळी तो बायकापोरींना पोहायला शिकवायचा. आधी विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, मग स्वतः उतरून एकेक पायरी पायाने चाचपायचा, आणि मगच पहिलीला पाण्यात घ्यायचा. आवाज कधी चढवला नाही. आसावरी बारामतीहून शाळेपुरती यायची, पण आता तिला रविवारीही कळसला काहीतरी काम निघू लागलं. ती लिंबाखाली सगळ्यांचे कपडे राखत बसायची.

"बाई, तुमी उतरा की एकदा."

"मी काठावरच बरी."

"काठावरनं सगळं दिसतं, व्हय?"

"दिसतं की," ती म्हणाली, आणि नजर काढून घ्यायला तिला जरा उशीरच झाला. तो गुंडाळलेला दोर उगाचच पुन्हा गुंडाळत बसला.

एकदा तिने विचारलं, "हे सगळं का करता?"

त्याने हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "आसामात पूर आला हुता. चार दिस आमी माणसं काढत हुतो. पाचव्या दिवशी घरनं फोन आला. माझी बहीण, रतन... शेततळ्याच्या प्लास्टिकवरनं पाय घसरला. काठावर चौघीजणी उभ्या हुत्या. एकीलाबी पोहता येत न्हवतं." तो पुढे म्हणाला, "फौजेत आणखी ऱ्हायची मुदत मिळत हुती. घेतली न्हाय."

पाच वर्षांत चारशेच्या वर बायका पोहायला शिकल्या होत्या. कळसपासून डाळजपर्यंत जितकी शेततळी, तितक्यांना त्याने गाठी मारलेला दोर आणि जुन्या टायरची ट्यूब बांधली होती. दर महिन्याला जाऊन प्रत्येक दोराला तो स्वतः लोंबकळून बघायचा. आसावरीने हे ऐकलं, आणि त्या साध्या स्लीपर घातलेल्या माणसाकडे ती नुसती बघतच राहिली. एवढा मोठा माणूस, आणि आपल्याला चहा देताना मात्र नजर कपावरच ठेवतो...

एप्रिलमध्ये आईने पुण्याचं स्थळ आणलं. "अनय नाव. रविवारी बघायला येणार आहेत," आसावरीने लखनला सांगून टाकलं.

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "चांगलं हाय. शहरात... नळ असतो."

ती हसली. हसता हसता तिला रडू आलं.

गुरुवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती आणि कुशाबाई गावातल्या दत्तोबांच्या शेततळ्यावरून निघाल्या होत्या, तोच किंकाळी ऐकू आली. दत्तोबांची सून बादलीसकट घसरून आत गेली होती. काळ्या प्लास्टिकवर तिची नखं ओरखडत होती, हाताला काहीच लागत नव्हतं. आसावरीचे पाय जागीच थिजले.

कुशाबाईंनी चपला झटकल्या, पदर खोचला. "बाई, दोर धरा," एवढंच म्हणाल्या आणि ट्यूब घेऊन पाण्यात उतरल्या.

आसावरीने दोर धरला. तळहात सोलून निघाले, तरी सोडला नाही. आधी सून वर आली, मग कुशाबाई.

निरोप मिळताच लखन डाळजहून धावत आला. सून गोधडी पांघरून चहा पीत होती. त्याने तिला पाहिलं, ओल्या लुगड्यातल्या कुशाबाईंना पाहिलं, आणि वाकून कुशाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"उठ, लेकरा," त्या म्हणाल्या. "साठ वर्सं पानी शेंदलं. पोहायला तू शिकवलंस."

तो तळ्याच्या काठावर खूप वेळ पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. आसावरीला वाटलं, देवळात गेल्यावर माणूस जसा मुका होतो, तशी आपण झालोय.

मग तो वळला आणि तिच्यापुढे बसला. तिचे दोन्ही तळहात त्याने हलकेच उघडले. ओल्या फडक्याने ते पुसले.

"दुखतंय?"

"थोडं."

"रविवारी पाव्हण्यांसमोर..."

"लखन," ती म्हणाली. नुसतं नाव तिने पहिल्यांदाच घेतलं होतं. "तुम्हाला काही बोलायचंय की नाही?"

"मला बोलाया येत न्हाय, बाई. सतरा वर्सं नुसता हुकूम ऐकलाय."

"मग हुकूम समजा. बोला."

वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा उठल्या. तिचे हात अजून त्याच्या हातांत होते.

"...जाऊ नका," तो म्हणाला.

हात सोललेले, म्हणून तिने आईचा नंबर त्यालाच लावायला सांगितला. "आई, रविवारी पाहुण्यांना नको म्हणून कळव. ...हो, आहे कुणीतरी. ...इथेच आहे. ...देते."

त्याने फोन कानाला लावला आणि आपोआप टाचा जुळवून ताठ उभा राहिला. "जय हिंद, आई," त्याच्या तोंडून निघून गेलं. पुढे तो फक्त "व्हय... व्हय..." करत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय म्हणाली?" आसावरीने विचारलं.

"म्हणत्यात, दोन महिनं झालं, पोरीच्या तोंडी तुमचंच नाव हाय. रविवारी जेवायला तुमीच या."

"मग? काय सांगितलंत?"

"येतो म्हणलं," तो म्हणाला. "पण दुपारी. सकाळी बाया येत्यात पोहायला."