चार नंबरची बॅटरी

डोळे तपासायच्या खुर्चीत तिच्या आधी एक धिप्पाड माणूस बसला होता. उजवा डोळा पंजाने झाकून तो समोरच्या तक्त्याकडे बघत होता आणि काही केल्या वाचायला सुरुवात करत नव्हता.

"दिसत नाहीये का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"दिसतंय सगळं. पण तक्ता वाकडा लागलाय."

"वाकडा कसा असेल? सहा वर्षं तिथंच आहे."

"मग सहा वर्षं वाकडा आहे."

मागच्या बाकावर बसलेली ती हातातल्या फॉर्मवरून नजर न काढता म्हणाली, "डावीकडे उतार आहे. दीड अंश."

माणूस वळला. झाकलेला डोळा तसाच ठेवून दुसऱ्याने त्याने तिला नीट बघून घेतलं. "दोन," तो म्हणाला.

"दीड."

"अहो, मला दुकान बंद करायचंय," चष्मेवाला म्हणाला.

मग त्याने शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. पण जाताना राहवलं नाही म्हणून मोबाइल तक्त्याच्या चौकटीवर टेकवून कोन मोजलाच. आकडा बघून त्याचा चेहरा पडला.

"दीड. माझं छपरांचं काम आहे हो... आमच्यात अर्धा अंश इकडेतिकडे चालतो."

"मोजणीत चालत नाही," ती म्हणाली.

तेव्हाच दोघांच्या लक्षात आलं, की दोघांच्या हातात सारखाच फॉर्म आहे. ड्रोन चालवायच्या परवान्याची परीक्षा, सोबत डोळ्यांचा दाखला जोडावा.

वर्ग भरायचा तो एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर, आणि प्रत्यक्ष उड्डाण मागच्या मोकळ्या मैदानात. शिकवणाऱ्या बाई हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं ढगांच्या नोंदी केल्यामुळे त्या माणसांकडेही आधी वरच्या बाजूने बघत. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, धंदे राहत. लग्नाचे फोटो काढणारा तो 'फोटोवाले', ती 'मोजणीवाल्या' आणि तो 'छपरावाले'. पहिल्याच दिवशी बाईंनी जोड्या लावल्या. ड्रोन एकाने उडवायचा आणि दुसऱ्याने शेजारी उभं राहून फक्त त्याच्याकडे बघायचं. आजूबाजूला झाड, तार, पक्षी काय येतंय ते मोठ्याने सांगायचं.

"बघणाऱ्याने पंखे थांबेपर्यंत मान वळवायची नाही," बाई म्हणाल्या. "शेजारी आग लागली तरी."

छपरावाला तिच्या वाट्याला आला.

ड्रोन तिच्या बाबांचा होता. बाबा जमिनी मोजायचे. आधी साखळीने, मग दुर्बिणीने आणि शेवटची तीन वर्षं आकाशातून. ती त्यांच्याच ऑफिसात नकाशे काढायची, उडवायचे ते. चार महिन्यांपूर्वी ते गेले. दादा दुसऱ्या गावी नोकरीला. त्याने शांतपणे हिशेबात बसेल असं सांगितलं होतं, की परवाना नाही तर यंत्रं नुसती पडून सडतील, दहा तारखेला एक माणूस येऊन सगळं घेऊन जाईल. मग ऑफिसची खोलीही सोडता येईल. "आणि आठ तारखेला मी पास झाले तर?" तिने विचारलं होतं. दादा म्हणाला होता, "तर मी एक शब्द बोलणार नाही."

पुस्तकातलं तिला सगळं यायचं. अडायचं एकाच जागी. ड्रोन लांब जात असला की बोटं बरोबर चालत. तो वळून तोंड तिच्याकडे करून यायला लागला, की उजवं-डावं उलटं व्हायचं आणि बोटं घाबरून भलतीकडेच जायची.

"विचार करू नका," वर बघत छपरावाला म्हणाला. "कुठली बाजू खाली झुकतेय तेवढं बघा आणि रिमोटवरची काडी त्याच बाजूला ढकला. छपराची कड खचली की टेकू तिकडेच लावतो ना आपण? तसा टेकू द्या."

तिने टेकू दिला. ड्रोन सरळ झाला.

"हे पुस्तकात नाहीये," ती म्हणाली.

"पुस्तक लिहिणारा छपरावर चढला नसेल."

"तुम्ही चढता, तर मग ड्रोन कशाला?"

"झाड, उजवीकडे, वीस मीटर," तो आधी म्हणाला. मग म्हणाला, "पडलो मागच्या वर्षी. हाड जुळलं. पण शिडीच्या चौथ्या पायरीला पाय लटपटतात अजून. वरचं बघायला दुसरे डोळे हवेत. कोणाला सांगू नका, धंदा बसेल."

"छपरावाला आणि उंचीला घाबरतो?"

"उंचीला नाही. चौथ्या पायरीला."

तिला हसू आलं. आलं आणि मग तिने ते जरा चाचपून बघितलं, बऱ्याच दिवसांनी कपाटातून काढलेल्या कपड्यासारखं. अजून अंगाला होत होतं.

तिसऱ्या आठवड्यात तिने पहिल्यांदा न चुकता हवेत आठचा आकडा काढला. शेवटच्या वळणावर ड्रोन दिव्याच्या खांबाकडे सरकत होता. सांगायचं त्याने. पण शेजारून आवाजच आला नाही... खट्ट करून पात्याचा तुकडा उडाला. ती कसाबसा ड्रोन खाली घेऊन आली.

"छपरावाले!" बाई मैदानाच्या त्या टोकावरून ओरडल्या. "पायलट जमिनीवर आहे, ती कुठे उडून जात नाही! वर बघा, वर!"

फोटोवाला पोट धरून हसला. छपरावाल्याचे कान तापले.

"काय बघत होता?" तिने विचारलं.

"आठ काढताना तुमची जीभ बाहेर येते. अगदी थोडीशी. डावीकडे."

ती खरं तर चिडलेली होती. पण तिच्या तोंडून निघालं, "किती अंश?"

"दीड," तो ताबडतोब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो नवीन पातं बसवायला ऑफिसात आला. खोली लहान, तीन भिंती नकाशांच्या नळ्यांनी भरलेल्या, चौथ्या भिंतीवर बाबांच्या वळणदार अक्षरातली उड्डाणापूर्वीची यादी. त्याने पातं बसवलं, फिरवून बघितलं आणि बॅटऱ्यांची पेटी उघडली. चार खाच्यांत चार बॅटऱ्या. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर नंबर आणि चार्ज केल्याची तारीख. दर वेळी जुनी तारीख खोडून खाली नवी लिहायची, ही बाबांची पद्धत. पहिल्या तिघींवर बाबांच्या अक्षराखाली तिचं अक्षर होतं. चौथीवर फक्त बाबांचं.

त्याने चौथी बाहेर काढली. ती खाच्यात नीट बसतच नव्हती.

"ही फुगलीये."

"माहीत आहे."

"कधीची भरून ठेवलीये?"

"चार महिने, अकरा दिवस."

तो आकडा ऐकून त्याने ती हलकेच टेबलावर ठेवली. "परीक्षक पेटी उघडून बघतात. फुगलेली दिसली तर मैदानात पाऊलही टाकू देणार नाहीत."

"तिला नेणारच नाही मी. ती इथं असेल."

"इथं? या कागदांत? अहो, एखाद्या दुपारी पेटेल ती."

"बाबांनी भरलेली आहे ती," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "चार्जरवरून काढली, तारीख लिहिली, पेन खिशात अडकवलं आणि म्हणाले, छातीत जरा जड वाटतंय. त्यानंतर त्यांनी काही केलं नाही."

त्याने पाना पुसून पिशवीत ठेवला. मग, न बोललं तर बरं हे कळत असूनही, म्हणाला, "बाबांनी असती ठेवली?"

"तुम्ही जा आता."

तो गेला. पुढचे दोन दिवस ती वर्गात फोटोवाल्याशेजारी बसली. बघणारा म्हणून फोटोवाला अगदीच टाकाऊ होता. प्रत्येक पक्ष्याचं वर्णन करायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती ऑफिसात बसून सराव-पेपर सोडवत होती. एकोणतिसावा प्रश्न: बॅटरी फुगलेली आढळल्यास काय कराल? तिने खूण केली, तिसावा वाचला, एकतिसावा वाचला. मग पेन्सिल थांबली. ती एकोणतिसाव्याकडे परत आली. उत्तर बरोबर होतं. ते तिला पुस्तकातून येत नव्हतं, समोरच्या भिंतीवरून येत होतं. यादीतली सातवी ओळ, बाबांचं अक्षर, खाली दोन रेघा: 'फुगलेली बॅटरी त्याच दिवशी बाहेर.'

बऱ्याच वेळाने तिने फोन लावला.

"रिकामी कशी करतात?"

पलीकडून त्याने विचारलं, "बादली आहे का? आणि रेती?"

"बादली आहे."

"रेती आणतो."

बॅटरी रेतीच्या बादलीत घालून त्याने ती दाराबाहेर फरशीवर ठेवली. तिथून दोन वायरी उंबऱ्यावरून आत आणल्या आणि टोकाला ट्रकच्या पुढच्या दिव्याचा बल्ब जोडला. आभाळ भरून आलेलं, खोलीत चार वाजताच अंधारलेलं. बल्ब लागला तशा नळ्यांच्या सावल्या भिंतीवर उठून बसल्या.

"मिठाच्या पाण्यातही टाकतात," तो म्हणाला. "पण त्यांनी भरलेलं असं पाण्यात कशाला घालवायचं? उजेड तरी पडू दे."

ती बल्बकडे बघत राहिली. मग घड्याळ बघून कागदावर वेळ लिहिली, कारण काम सुरू झालं की वेळ लिहायची सवय होती.

"प्रश्न विचारा," ती म्हणाली. "बसून काय राहायचं?"

त्याने पुस्तक घेतलं. त्या उजेडात तो विचारत गेला, ती सांगत गेली. वाऱ्याचा वेग, उड्डाणाचे लाल-पिवळे-हिरवे पट्टे, विमानतळापासूनचं अंतर. मधेच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी उत्तरं चुकत नव्हती. त्याने ना पुस्तक मिटलं ना रुमाल पुढे केला. पुढचा प्रश्न विचारला. तेवढ्यासाठी तो तिला फार आवडला.

उजेड पिवळा झाला, मग तांबूस.

"मला एक सांगायचंय," तो पुस्तकातच बघत म्हणाला. "प्रश्न नाही. म्हणजे... उद्या परीक्षा संपेल. पण मला त्यानंतरही तुमच्या शेजारी उभं राहून वर बघायला आवडेल."

"नुसतं वर?"

"मधेमधे खाली."

बल्बमधली तार आता फक्त एक लाल रेघ उरली होती. दोघंही त्या रेघेकडे बघत बसले. ती विझली, तेव्हा कळलंसुद्धा नाही नक्की कधी.

"एक तास बारा मिनिटं," ती म्हणाली आणि लिहून ठेवलं. मग बाहेर जाऊन तिने बॅटरीवरची चिकटपट्टी न फाडता सोलून काढली, बाबांच्या नोंदवहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर चिकटवली, आणि आत येऊन म्हणाली, "मधेमधे चालेल. पण पंखे थांबल्यावर."

दुसऱ्या दिवशी परीक्षकाने पेटी उघडली. तीन बॅटऱ्या, एक खाचा रिकामा. "चौथी?" "बाद झाली," ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि मैदानाकडे बोट केलं.

ड्रोन लांब गेला, वळला, तोंड करून तिच्याकडे यायला लागला. डावी बाजू झुकली. तिने टेकू दिला. शेजारून एकसुरी आवाज येत होता: "खांब, डावीकडे, दहा मीटर... आठ... मोकळं." तिला खात्री होती की जीभ बाहेर आली आहे, आणि हीही खात्री होती की या वेळी कोणी बघत नाहीये. ड्रोन उतरला, पंखे थांबले.

"थांबले," ती म्हणाली.

तेव्हा कुठे त्याने मान वळवली. नुसताच बघत राहिला. परीक्षकाला दोनदा खाकरावं लागलं.

दादाला तिने एकच शब्द पाठवला: पास. थोड्या वेळाने उत्तर आलं, 'त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगतो. यादी भिंतीवरून काढू नकोस.'

दहा तारखेला ऑफिसात आला तो छपरावाला, नवी बॅटरी घेऊन. तोही पास झाला होता, काठावर, पण झाला होता. बॅटरी चार्ज झाल्यावर तिने पांढऱ्या पट्टीचा तुकडा कापला आणि पेनासकट त्याच्यापुढे धरला.

"तुम्ही लिहा."

त्याने जपून चार आकडा घातला, तारीख घातली, पट्टी बॅटरीवर अंगठ्याने दाबून बसवली आणि लांब धरून बघितली.

"वाकडी लागली," तो म्हणाला. "किती असेल?"

तिने बघितलं. चांगली तीन अंश होती.

"असू दे," ती म्हणाली आणि बॅटरी चौथ्या खाच्यात ठेवली.