पिकर

शिवपुत्राच्या गिटारला चादर लागायची. हसू नका, खरंच लागायची. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून त्यानं स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर होता आणि त्या पठ्ठ्याचा आवाज असा कर्कश, की पत्र्यावर खडे पडताहेत वाटावं. मग शिवपुत्र त्याच्यावर घरातली चादर टाकायचा. कधी एकेरी, कधी चौपदरी घडी करून. आणि डोळे मिटून ऐकत बसायचा.

"अय्यो, त्या खोक्याला थंडी वाजते, आणि मला काय उकडतं होय?" त्याची बायको काशम्मा चुलीपासून ओरडायची. "साकु, साकु! पुरे झालं! माझी चादर आणा हिकडं!"

ही पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. शिवपुत्र टेलिफोन खात्यात मेकॅनिक होता. मीटरचा काटा हलला तर वीज आहे, नाही हलला तर नाही, एवढ्यावरच त्याचा विश्वास. देवळातही तो आधी ट्यूबलाइटचं वायरिंग बघायचा. पण जॅझपुढे मात्र गडी पाघळायचा. रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरनं त्याला ती विद्या दिली आणि ऑस्ट्रेलियाला जाताना आपली मोठ्या पोटाची गिटारही दिली. सोबत एक वाक्य दिलं: सूर गोल पाहिजे, कोपरा लागता कामा नये.

तो गोल सूर काही सापडेना. अंगठ्यानं छेडावं तर सूर गोल, पण हात बैलगाडी. प्लास्टिकच्या पिकनं, म्हणजे तार छेडायच्या चकतीनं, छेडावं तर हात पळायचा, पण सगळं टणटण, टणटण.

त्यात जोतीरामबापूंनी बाँब टाकला. बापू रेल्वे क्लबचे सेक्रेटरी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये शिवपुत्र वाजवायचा. ड्रमवर धुळा आणि बासवर सिद्धप्पा.

"शिवपुत्र, तुझं ते इंग्रजी भजन मला आवडतं बाबा," बापू म्हणाले, "पण तू सुरू झालास की माणसं भजी खायला बाहेर पळतात. या शनिवारी लोक नाचले तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून मी आपल्या रेकॉर्डी लावणार."

अख्ख्या सोलापुरात जॅझ ऐकून घेणारी ती एकच जागा. हॉल गेला की गिटार माळ्यावर.

आणि नेमकी त्याच आठवड्यात शेवटची पिक मोडली. धुळा एका मिलच्या विणखात्यात कामाला होता, गावभर ओळखी. शिवपुत्र त्याला म्हणाला, "कुठून तरी एक पिक आण रे बाबा."

दुसऱ्या दिवशी धुळ्यानं पिशवीतून काढला तो म्हशीच्या कातड्याचा मुठीएवढा ठोकळा. तेल पिऊन काळाकुट्ट झालेला.

"हे काय?"

"पिकर! तुमीच म्हनला की."

मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला टोला देऊन या कडेचा त्या कडेला पळवतो तो कातडी ठोकळा म्हणजे पिकर. दिवसभर 'पिकर, पिकर' ऐकणाऱ्याला पिक काय ऐकू येणार? शिवपुत्र हसून हसून खाटेवर आडवा झाला. धुळाही हसला.

"नवा मागितला तर मुकादम अंगावर येतो. ह्यो कोंडीबाच्या मागावरचा. त्या मागाला कुनी हात लावत न्हाय."

"का?"

"कोंडीबा लई हुन्नरी, शिवअण्णा. तुटका धागा तसाच ठिवून घरी जायचा न्हाय. पाळी सुटू दे, न्हायतर वीज जाऊ दे. थुंकी लावून गाठ मारनार आन् टोकं दातानं तोडनार. खिशात कात्री हाय, पर न्हाय! दातानंच."

"मग आता कुठं असतो?"

धुळ्यानं मान खाजवली. "त्येच कुनाला ठावं न्हाय. एक दिस पाळी सुटली, समदी भायेर आली, कोंडीबा आलाच न्हाय. डबा मागापाशी. चपला दारात."

पळून गेला असेल मागच्या दारानं, शिवपुत्र म्हणाला. ठोकळ्याची एक पातळ चकती कापून त्यानं उंबऱ्याच्या दगडावर घासली आणि तार छेडली.

आई गं! सूर असा आला, जणू तुपातून निथळून. त्यानं चादर काढून भिरकावली. पुन्हा छेडली. पिठाचे हात घेऊन काशम्मा दारात आली.

"ताप उतरला वाटतं तुमच्या खोक्याचा," ती म्हणाली, आणि जायची विसरून तिथंच उभी राहिली.

फक्त एक होतं. सुरामागून बारीक खट... खट... असं काहीतरी यायचं. शिवपुत्रानं मीटर लावला, सगळ्या जोडांना पुन्हा डाग दिले. खट तशीच.

तालमीला तो धुळ्यावर खेकसला, "काठावर काडी मारू नकोस."

"मी कुटं मारतोय? मला वाटलं तुमचा पाय हाय."

दोघांनी सिद्धप्पाकडं पाहिलं. सिद्धप्पानं दोन्ही हात वर केले. तिघं थांबले. खटही थांबली, पण जरा मागून.

"चौथा गडी फुकटात मिळाला की!" धुळा म्हणाला, आणि तिघंही हसले. ताल इतका पक्का बसत होता, तक्रार कशाला करायची?

शनिवारी हॉल निम्मा भरला. शिवपुत्रानं अ‍ॅम्प्लिफायरचं तोंड भिंतीकडं फिरवलं, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून मऊ होऊन परत येतो. सुरुवात अगदी हळू केली. पहिल्या गाण्याला कोणी उठलं नाही, पण भज्यांकडंही कोणी गेलं नाही. दुसऱ्याला खुर्च्यांखाली पाय हलू लागले. तिसऱ्याला एक जाडजूड टीसी बायकोचा हात धरून उठला, आणि मग काय विचारता! सगळा हॉल उभा. खुद्द बापू भज्यांची बशी डोक्यावर धरून गरगर फिरत होते. शिवपुत्राला हसू आवरेना. जिंकलो, तो मनात म्हणाला, जिंकलो रे!

गाणं संपवायची खूण म्हणून त्यानं मान हलवली.

हात थांबला नाही.

मनगट इकडून तिकडं, तिकडून इकडं, दर वेळी तेवढंच अंतर. हात त्याचा होता, ताल त्याचा नव्हता. लोक शिट्ट्या मारत होते. धुळ्याचे डोळे मोठे झाले होते.

खट. खट. खट. आता ती स्टेजच्या फळ्यांतून येत होती.

नाकात तेलाचा वास भरला. तेलाचा आणि सुताच्या धुळीचा.

खट. खट. खट.

फाट्कन तार तुटली.

आणि हात थांबला. तुटल्या धाग्याला माग थांबतो, तसा जागच्या जागी.

टाळ्यांनी पत्रे हादरले. बापूंनी त्याला मिठीच मारली. "पुढच्या महिन्यात तू, त्याच्या पुढच्याही तूच! रेकॉर्डी गेल्या खड्ड्यात!" शिवपुत्राचे डोळे भरून आले. लोंबती तार तशीच ठेवून त्यानं गिटार पेटीत घातली, कुलूप लावलं आणि घरी येऊन पेटी खाटेखाली सरकवली. किल्ली गळ्यात. स्टेजच्या फळ्या ढिल्या असणार, त्यानं काशम्माला सांगितलं, आणि गाढ झोपला.

रविवारी सकाळी काशम्मा भाकरी थापत होती. धुळा जिलबीचा पुडा आणि नवी तार घेऊन आला. दोघांनी कालचा टीसी आठवून पोटभर हसून घेतलं. मग शिवपुत्रानं खाटेखालून पेटी ओढली आणि गळ्यातल्या किल्लीनं कुलूप उघडलं.

तारा सहाच्या सहा ताणलेल्या होत्या. त्यानं तुटलेली छेडली. सुरात होती.

मधोमध एक गाठ होती, बारीक आणि चपटी. धुळ्यानं जिलबी खाली ठेवली.

"शिवअण्णा, ही मागावरची गाठ हाय."

"पोलादी तार आहे धुळा. हिला गाठ बसत नाही," शिवपुत्र म्हणाला. त्यानं डाग देताना वापरायचं भिंग आणलं आणि उजेडात धरलं. तारेची टोकं पक्कडीनं कापलेली नव्हती. चेचून तोडली होती, आणि चेचल्या जागी दातांच्या बारीक खुणा होत्या.

त्यानं गाठीवरून बोट फिरवलं. ती अजून ओली होती.