पुढचा ब्रेक

गाडी विकायची ठरली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, उद्या गिऱ्हाईक येतंय. एक चक्कर मारून बघा." भर दुपार होती. भिण्यासारखं काहीच नव्हतं.

दादाची ती स्ट्रीटफायटर मोटरसायकल. कंपनीने मोजून तीनशेच काढलेल्या. टाकीवर तिचा क्रमांक कोरलेला. पुढे काच नाही, अंगावर कवच नाही, इंजिन सगळं उघडं. गॅरेज आम्हा दोघा भावांचं, पण या गाडीला मला हात लावू द्यायचा नाही. "तुझे हात ग्रीसचे. लांबून बघ," चारचौघांत म्हणायचा. ते सलत राहिलं.

मग एका सकाळी स्वतःच म्हणाला, "पुढचा ब्रेक मऊ लागतोय रे. बघून ठेव."

मी बोटही लावलं नाही. संध्याकाळी त्याने विचारलं, "बघितलास?"

"बघितला."

दुसऱ्या दिवशी दादा वळणावर गाडीसकट घसरला आणि जागीच गेला. रस्त्यावर वाळू होती, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

आता वर्षाने, मीच दुरुस्त केलेल्या त्या गाडीवर बसून मी माझं हेल्मेट चढवलं. अशी दोन दादाने जोडीनं आणली होती. गाडी चालवताना आपसात बोलता यावं म्हणून आत माइक बसवलेला. त्याच्या हेल्मेटचे तुकडे मीच वेचले होते.

वस्ती मागे पडली आणि कानात 'टिक' झालं. दुसरं हेल्मेट जोडलं गेलं की व्हायचं, तसं. मग श्वास. जड, अगदी जवळचा. तापलेल्या रबराचा वास नाकात भरला.

"धाकट्या..."

गाडी कशीबशी कडेला घेतली.

"ब्रेक... बघितलास?"

"नाही," मी म्हणालो. "नाही बघितला, दादा."

मग थकलेला आवाज, "मला नको... वहिनीला सांग."

परतलो. फाटकाबाहेर गाडी लावली. वहिनी दारातच उभ्या होत्या.

"कशी चालतेय?"

जिभेवर आलेलं गिळलं. "झकास. उद्या देऊन टाका."

"एवढंच?"

"एवढंच."

मी अजून फाटकापाशीच, दारापासून पंधरा पावलं लांब. तापलेल्या रबराचा तोच वास माझ्या अंगावरून दाराकडे गेला. वहिनी हळूच बाजूला सरकल्या, आत येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशा. क्षणभर थांबल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी दार लावून घेतलं.