फौजीच्या ट्रकचा हॉर्न

गेटवर ट्रक थांबला, पण हॉर्न काही वाजला नाही. ड्रायव्हरने खिडकीतून हात काढला आणि दार दणादणा बडवलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि मनात म्हटलं, देवा, याच्याऐवजी एखादी पंक्चर झालेली स्कूटर पाठवली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?

अर्ध्या तासापूर्वीच बाबांनी जाहीर केलं होतं की आज संध्याकाळी पाचला गॅरेजची शेड दादाच्या ताब्यात जाणार. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, ज्याला नट कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो हे अजून विचारावं लागतं. आणि अकरा वर्षं गाड्यांखाली लोळलेली मी? मी काउंटरवर बसून स्पेअर पार्ट विकायचे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आज पहिली जी गाडी येईल ती मी एकटी दुरुस्त करणार. पाचच्या आत झाली तर शेड माझी."

बाबा हसले. "चालेल. पण कोणाला काही विचारायचं नाही."

आणि पहिली गाडी ही. लष्कराच्या लिलावातून आलेला, हिरवा रंग उडालेला म्हातारा ट्रक.

त्यातून तो उतरला. तिशीतला, उंच, बुटांना चिखल. "मला सगळे फौजी म्हणतात," तो म्हणाला. "आता नोकरी सोडली, रोपवाटिका आहे. हा ट्रक मी पाच वर्षं चालवलाय. लिलावात दिसला आणि राहवलं नाही. बाकी ठणठणीत आहे, फक्त एअर हॉर्न वाजत नाही. मिस्त्री कुठे आहेत?"

"समोर उभी आहे."

त्याने माझ्या हातांवरचे काळे डाग पाहिले. मग म्हणाला, "बरं झालं..." आणि त्याचे कान लाल झाले. काय बरं झालं, ते मी विचारलं नाही.

मी ट्रक शेडमध्ये घेतला आणि इंजिन चालू ठेवलं. हॉर्नची हवेची टाकी भरू दिली. तो लगेच मागे आला. "हवेचा काटा बघा हं... आणि बटणाची वायर—"

"फौजी, मला आज कोणाचीही मदत घ्यायची नाहीये. यापुढे एक शब्द बोललात तर ट्रक गेटबाहेर."

त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि जुन्या टायरांच्या ढिगावर जाऊन बसला. "श्वास घेतला तर चालेल?"

"हळू घ्या."

बाहेर पाऊस, वर पत्रा. त्या आवाजात हॉर्नला हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येईना, म्हणून त्याच्यावर बोट ठेवलं आणि चहा पीत गंमत बघणाऱ्या दादाला बटण दाबायला सांगितलं; सांगणं म्हणजे काही विचारणं नव्हे. बोटाला झटका लागला, म्हणजे वीज पोचत होती. पुढचा पाइप हॉर्नपासून सोडवला, पुन्हा बटण. पाइपातून फस्सकन हवा आली. हॉर्न खाली उतरवून त्यात गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा दिली, तर तो असा ओरडला की दादाच्या हातातला कप पडला. हवा ठीक, हॉर्न ठीक. मी खुशीत सगळं जोडलं, पाइपाच्या टोकाचा नट आवळला, बटण दाबलं.

काही नाही.

मी वळून पाहिलं तर फौजीचं तोंड अर्धवट उघडं आणि डोळे मोठे. घड्याळात नऊ वाजले होते.

"काय झालं?"

त्याने जोरजोरात मान हलवली.

"तुमचा चेहरा फार बोलतो. भिंतीकडे तोंड करून बसा."

आणि तो खरंच बसला हो. बारा वाजले, दोन वाजले, मी एकेक जोड सोडत होते, लावत होते, आणि तो माझ्याकडे पाठ करून बसलेला. त्याची मान बरी होती, खोटं कशाला बोलू.

दुपारी मीच विचारलं, "जेवून यायचं नाही का?"

"तुम्ही जेवलात?"

"हॉर्न वाजल्यावर."

"मग मीही तेव्हाच," तो भिंतीला म्हणाला.

सव्वाचार झाले. दादा शेडच्या दारात शीळ घालत उभा. मी खाली फरशीवर बसले आणि विचार केला. नट सोडला की हवा येते. नट आवळला की बंद. म्हणजे बिघाड कुठल्याच भागात नाही, तो आवळण्यात आहे. मी नट पुन्हा सोडला आणि करंगळी त्याच्या आत घातली. आट्यांमध्ये, जुन्या ग्रीसखाली, काहीतरी पातळ लागलं. स्क्रू-ड्रायव्हरने उचकलं तर पत्र्याची गोल चकती तळहातावर पडली. कडा कानशीने घासलेल्या. सैल असताना हवा कडेने निसटायची, आवळलं की चकती घट्ट बसायची.

जोडलं. दाबलं. पत्र्यावरचे सगळे कावळे उडाले.

"आता वळू?" भिंतीकडून आवाज आला. तो वळला, चेहरा पडलेला. "ती मीच बसवली होती. आवाज न करता ताफा न्यायचा असला की आम्ही हॉर्नचं तोंड असंच बंद करायचो, कोपर चुकून बटणावर पडतं ना... काढायची राहून गेली. सकाळी तुम्ही नट आवळलात तेव्हा आठवलं."

"म्हणजे सात तास तुम्हाला माहीत होतं?"

"सात तास तोंड दाबून बसलोय. एवढा कडक हुकूम मला साहेबांनीही कधी दिला नव्हता."

मला राग यायला हवा होता. आलाच नाही.

तेवढ्यात बाबा आले. दादा म्हणाला, "काका, यानेच सांगितलं असणार. दिवसभर इथेच बसलाय."

"मी सांगितलं असतं तर सकाळीच वाजला असता," फौजी म्हणाला.

बाबांनी चकती हातात घेतली, उलटसुलट पाहिली. मग खिशातून शेडची किल्ली काढून माझ्या ग्रीसच्या हातावर ठेवली. पण जाता जाता थांबले.

"सांगायचं नव्हतं, तर हे साहेब उपाशीपोटी दिवसभर इथे कशाला बसले होते?"

फौजी परत भिंतीकडे वळला. कान पुन्हा लाल.

"माझ्यासाठी बसले होते, बाबा," मी म्हणाले. "आणि मला ते आवडलेत. हेही मला कोणी सांगितलेलं नाही. माझं मी शोधलंय."