तांब्याचं वायसर

तेल गळतंय म्हणून गाडी आली, यात कसलं आलंय नवल! पडेगावच्या पुंडलिकच्या गॅरेजात तर हे रोजचंच. सकाळी डॉक्टर सुयशसरांनी आपली काळी, उंचीपुरी एसयूव्ही लावली अन् म्हणाले, "पुंडलिकराव, चारला निघायचंय. घाट उतरून चाळीसगावला. लेक सोबत आहे, नीट बघा."

घाटाचं नाव निघालं अन् पुंडलिकनं बॉनेटकडं नेलेला हात मागं घेतला.

गेल्या साली असल्याच एका गाडीच्या टर्बोला, तेलाच्या पाइपाशी, त्यानं जुनंच वायसर तापवून परत बसवलं होतं. तांब्याचं, अंगठीएवढं, सांध्यातून तेल गळू नये म्हणून घालायचं. नवं पुण्याहून यायला दोन दिवस लागणार, थांबतंय कोण! जुनं ओळखू यावं म्हणून कानशीनं त्यावर खाच मारायची त्याची सवय. तापल्या टर्बोवर तेल ठिबकलं अन् घाटात गाडी पेटली. मागं बसलेल्या म्हाताऱ्या सरूबाईंना उतरताच आलं नाही. वायरिंग जळालं असेल, म्हणत लोकांनी विषय सोडला. खरं काय ते एकट्या पुंडलिकला ठाऊक. तेव्हापासून नवी वायसरं डबीत भरून ठेवायचा तो.

त्यानं इंजिन धुतलं, सुकवलं, वर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरली. खाली पुठ्ठा अंथरून गाडी चालू केली. पावडरीत तेलाची रेघ उठते; ती जिथून निघते तिथं गळती. साधी युक्ती.

पुठ्ठ्यावर तेल पडत होतं. टप... टप... पावडर मात्र कोरडीठाक!

पुन्हा धुतलं. पुन्हा तेच. तीन वाजले. पत्र्याखाली नुसती भट्टी, अन् ह्याला हुडहुडी. जळक्या तेलाचा वास सुटला होता, अन् त्यात जळक्या केसांचा.

"आरं देवा, दाव ना कुठंय ते!" तो रडकुंडीला आला होता.

तिसऱ्यांदा बॉनेट उघडलं, तर पावडरीत चार बोटं उमटलेली. बारीक, बाईमाणसाची. टर्बोच्या पाइपापर्यंत ओढत गेलेली.

त्यानं बोल्ट खोलला. आत काळंनिळं वायसर, अन् त्यावर खाच. त्याच्याच कानशीची. अहो, ही गाडी तर त्यानं आज पहिल्यांदाच पाहिली होती!

ते वायसर त्यानं भंगाराच्या डब्यात फेकलं. नवं बसवलं, बोल्ट आवळला. गळती थांबली. चारला सर आले.

"सर, आज नका जाऊ... उद्या जा."

"का? गळतंय अजून?"

"नाय... गळत नाय, पण..."

"मग झालं तर!" सर हसले. सात वर्षांच्या संस्कृतीनं, त्यांच्या लेकीनं, काचेतून टाटा केला. खरं सांगायचं सोडून पुंडलिकनंही हात हलवला.

तासाभरानं त्यानं भंगाराचा डबा पालथा केला. त्यातून नवंकोरं वायसर घरंगळलं. खाचेचं कुठंच नव्हतं. म्हणजे ते गाडीतच!

त्यानं सरांना फोन लावला. संस्कृतीनं उचलला.

"काका, पप्पा गाडी चालवतायत."

"बाळा, गाडी थांबवाय सांग त्यांना! आत्ताच्या आत्ता!"

"मागच्या आजी नको म्हणतात... त्यांना खूप उकडतंय."

पुंडलिक फोनातच बोलू लागला. "सरूबाई... तुमचा जीव म्या घेतला. जुनं वायसर म्याच बसवलं, अन् वर्षभर गप बसलो. लेकराला सोडा, माय... मला काय करायचं ते करा."

पलीकडं इंजिनाची घरघर. मग ती थांबली.

"काका," संस्कृती हळूच म्हणाली, "पप्पांनी गाडी थांबवली. आजी उतरल्या... दार न उघडताच. तुमच्याकडं निघाल्यात."

फोन बंद झाला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. गाडी गेल्यावर पुठ्ठा तसाच जमिनीवर पडून होता, वर नुसता छपराचा कोरडा पत्रा.

टप.